सही तिची, वाक्यं माझी

इंग्रजीत 'आय' कायम कॅपिटल लिहायचा, वाक्याच्या सुरुवातीला असो की मधे, हा नियम मी पहिल्याच रविवारी फळ्यावर लिहिला. मागच्या सतरंजीवरून एका मुलीनं विचारलं, "आणि 'वुई', अक्का?"

"तो लहान. वाक्याच्या सुरुवातीला आला तरच कॅपिटल."

"म्हणजे एकटा मोठा आणि सगळे मिळून बारके? भारीच हाय की."

वर्ग हसला. मीही हसले. ती एकोणीस वर्षांची होती, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आई विड्या वळणारी, वडील नाहीत, घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि इंग्रजी फक्त परीक्षेपुरतं. या मुलीचं मी काय करून ठेवलं, ते लिहायला बसले आहे. माफी मागण्यासाठी नाही. माफी मी तिच्याकडे मागितली, ती तिनं दिली नाही, आणि तिचं बरोबर होतं.

वर्ग भरायचा सोलापूरच्या पूर्व भागात, वडील ज्या कामगार संघटनेचं काम करतात तिच्या कार्यालयात. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर एक लांबट खोली, भिंतीला टेकवलेले जुने फलक. इंग्रजीत एम.ए. झाल्यावर मला एका क्लासमध्ये नोकरी चालून आली होती. महिन्याभरात फाडफाड इंग्रजी बोलायला शिकवतो असा फलक लावणारा क्लास. मी नाही म्हटलं. खोटं शिकवून पोट भरणार नाही, असं मी घरी मोठ्या आवाजात जाहीर केलं आणि रविवारचा फुकट वर्ग सुरू केला. मुलं आठ-नऊ. कुणी कॉलेजात, कुणी टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालणारं.

मी बोलायला शिकवत नव्हते, लिहायला शिकवत होते. कर्ता एकटा असेल तर वर्तमानकाळात क्रियापदाला 'एस' लावा. दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडू नका. पूर्णविराम द्या, नाहीतर मधे 'अँड' किंवा 'बट' घाला. अनेकवचनासाठी अपॉस्ट्रॉफी वापरू नका, ती मालकी दाखवायला असते. एखादी गोष्ट पहिल्यांदा सांगताना 'अ', तीच पुन्हा सांगताना 'द'. उद्गारचिन्ह एकच पुरतं, आणि शक्यतो तेही नको.

हा शेवटचा नियम सांगताना माझी मलाच गंमत वाटायची. माझं बालपण पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर गेलं आहे. गुलाबी, पिवळे, पातळ कागद. पुढच्या बाजूला "कामगार बंधू-भगिनींनो!!!" आणि मागच्या बाजूला माझे पाढे. पुढची बाजू वाचतच मी अक्षरं शिकले. तीन उद्गारचिन्हांशिवाय वाक्य संपतं हे मला शाळेत गेल्यावर कळलं.

वडील यंत्रमागावर काम करायचे आणि सुटीत लिहायचे. बायाबाप्ये घरी येत. वडील विचारत, "काय झालं ते सांगा." समोरचा माणूस सांगे, रडे, शिव्या देई. वडील ऐकून घेत आणि मग सरळ लिहायला लागत: 'आम्ही खाली सह्या करणार...' लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवत. बाई म्हणे, "व्हय, असंच." मग सही, नाहीतर अंगठा. तो अर्ज तिचा होई. लिहिलं कुणी, हे कुणी विचारत नसे. ज्याच्या हाताला वळण आहे त्यानं लिहायचं आणि ज्याच्यावर बेतलं आहे त्यानं सही करायची, ही आमच्याकडची रीत. विहिरीतून पाणी एकजण ओढतो, पितात सगळे, तशी.

दुसरी रीत अशी की छापून आलं, टाइप होऊन आलं, की हातानं लिहिलेला कागद फाडायचा. बारीक तुकडे करून बंबात टाकायचा. कुणाच्या तरी अक्षरावरून मालकाच्या माणसानं पत्रक लिहिणारा ओळखला आणि त्याचं मागावरचं काम गेलं, अशी एक जुनी हकीकत वडील सांगायचे. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून ते तुकडे करायचं काम माझ्याकडे होतं. मला ते आवडायचं.

मुलीचं असं झालं. तिच्या कॉलेजच्या फलकावर एक जाहिरात लागली. दुसऱ्या राज्यातल्या एका नामांकित विद्यापीठात एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम, राहणं-जेवण सगळं त्यांच्याकडे, पुढे तिथंच एम.ए.ला जागा. अर्जासोबत पाचशे शब्दांचा इंग्रजी निबंध: तुम्हाला जवळून माहीत असलेल्या एका कामाविषयी लिहा. मग फोनवर मुलाखत. तिनं जाहिरातीचा फोटो काढून मला दाखवला.

"अक्का, हे झालं तर मी सूप सोडणार."

सूप म्हणजे विड्या वळताना मांडीवर घ्यायचं सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं. आईच्या बरोबरीनं ती पाचवीपासून बसत होती. आईला आता रात्रंदिवस खोकला, आणि डॉक्टरांनी मुलीच्याही छातीला कान लावून सांगितलं होतं की या धुळीतून बाहेर पडलीस तर बरं. बाहेर पडायची दुसरी वाट तिला दिसत नव्हती. मलाही नाही.

पुढच्या रविवारी तिनं निबंध लिहून आणला. वहीचा फाडलेला दुहेरी कागद, निळी शाई. मला त्यातली काही वाक्यं अजून पाठ आहेत, आणि ती पाठ आहेत हीच माझी शिक्षा आहे. 'माय मदर रोल बिडी. शी नॉट लुक अॅट हँड, शी लुक अॅट मी. आय रीड लाउडली फ्रॉम बुक, शी रोल. शी नॉट अंडरस्टँड इंग्लिश बट इफ आय स्टॉप, हर हँड स्टॉप.' पुढे होतं की पानाच्या वासानं तिला भूक लागते आणि तंबाखूच्या वासानं ती जाते, म्हणून घरात दिवसभर निम्मीच भूक असते.

मी लाल पेन घेतलं. रोलला 'एस'. 'नॉट लुक' नव्हे, 'डझ नॉट लुक'. इथं स्वल्पविराम चुकला, इथं पूर्णविराम हवा, 'हँड' एक की दोन? पहिलं पान संपेपर्यंत कागद गोवर आल्यासारखा झाला. ती वाकून बघत होती.

"कारखान्यात आईच्या विड्या अशाच बाजूला काढतेत," ती म्हणाली. "ही बारीक, ही ढिली, हिचं तोंड उघडं. सगळं बघून झालं की उरलेलं मोजतेत. माझं किती उरलंय अक्का?"

मला हे झोंबायला हवं होतं. मी म्हटलं, "अगं, चुका दुरुस्त करायला लागतातच. ते लोक चुका बघून कागद बाजूला टाकतील."

त्यात खोटं काही नव्हतं. पण मी चुकांवर थांबले नाही. मला तो निबंध कमी वाटला. त्यात शोषण शब्द नव्हता. मालक नव्हता. किमान वेतन नव्हतं, आरोग्य नव्हतं, पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय नव्हता. नुसती एक आई, एक मुलगी आणि एक पुस्तक. एवढ्यावर कुणाचं मन हलणार, असं मला वाटलं. मी विचारलं, "काय झालं ते सांग." ती सांगत गेली, मी कोऱ्या कागदावर लिहीत गेले. निर्दोष इंग्रजी. एकही 'एस' सुटला नाही. 'आम्ही, विडी कामगारांच्या मुली' अशी सुरुवात आणि शेवटी मुठी आवळून उभी राहिलेली आई.

मोठ्यानं वाचून दाखवलं. ती ऐकत होती. मग हसत म्हणाली, "आई मुठी आवळतीये व्हय, अक्का? तिच्या बोटाला तर गाठी आल्यात. मूठ मिटत न्हाई तिची."

"तो अर्थ वेगळा असतो गं."

"आसू दे की. भारी झालंय. तुमाला कळतंय."

तिनं खाली नाव लिहिलं. नेट कॅफेत टाइप करून पाठवलं. अर्जात एक चौकट होती, हे लेखन माझं स्वतःचं आहे अशी. तिनं मला विचारलं, "हितं टिक करायचं?" मी म्हटलं, कर. आमच्या रीतीनं ते तिचंच होतं. आणि घरी येऊन मी दोन्ही हस्तलिखितं, माझं आणि तिचं, फाडून बंबात टाकली. विचार करून नाही. हाताला सवय होती.

तीन आठवड्यांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. तिच्या घरी बसायला जागा नव्हती, म्हणून संघटनेच्या खोलीत फलकांना पाठ लावून तिला बसवलं. मी दाराबाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर. फोन स्पीकरवर ठेवला होता, पलीकडे तिघेजण होते. एका बाईंचा आवाज फार मऊ होता. त्यांनी आधी आईविषयी विचारलं, सोलापूरविषयी विचारलं. मुलगी अडखळत, पण न घाबरता बोलत होती. मग बाईंनी निबंधातलं एक वाक्य वाचून अर्थ विचारला. ती गप्प. दुसरं वाक्य. गप्प. मग बाईंनी फार हळुवारपणे विचारलं की हे लिहिताना कुणाची मदत झाली का.

"येस मॅडम," ती म्हणाली. "माय अक्का रोट इट अँड आय साइन्ड इट."

दोन्ही क्रियापदं भूतकाळात, जोडवाक्य बरोबर, स्पेलिंग विचारलं असतं तर तेही बरोबर सांगितलं असतं. वर्षभरात तिच्या तोंडून ऐकलेलं ते सगळ्यात निर्दोष वाक्य होतं. मग पलीकडून थँक यू आलं.

ती जिन्यावर आली ती खुशीत. "चांगलं झालं अक्का! दोन-तीन शब्द अडले, पण बाकी सगळं खरं खरं सांगितलं."

हे बुडालं, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तिला मात्र मी म्हटलं, "छान." ज्या तोंडानं मी सभांमध्ये भीती सोडा म्हणून ओरडते त्याच तोंडानं. पुढचे दहा-बारा दिवस ती रोज येता-जाता विचारायची, आलं का काही, आणि मी म्हणायचे, येईल.

आलं ते पत्र तिनं स्वतः वाचलं, फोनवरच्या शब्दकोशात एकेक शब्द घालत. मुलाखतीतलं बोलणं आणि निबंध यांत फार अंतर आहे. निबंध स्वतःचा असल्याची हमी दिली असताना तो दुसऱ्या व्यक्तीनं लिहिल्याचं उमेदवारानंच सांगितलं आहे. तरीही उमेदवाराचा प्रामाणिकपणा लक्षात घेऊन एक संधी देण्यात येत आहे. स्वतः लिहिलेला आधीचा मसुदा असल्यास, कितीही चुका असल्या तरी, पाच दिवसांत त्याचा फोटो पाठवावा.

ती पळतच आमच्या घरी आली. धापा टाकत होती, मधेच खोकत होती.

"म्हणजे मी चोर व्हय, अक्का? पण बघा, पुढं बघा. पहिला कागद मागतेत. चुकांचा चालंल म्हणतेत! तुमच्याकडं हाय की माझा कागद. लाल केलेला."

माझी नजर बंबाकडे गेली.

"कुटं ठेवलाय?"

मी सांगितलं.

तिला ते समजेना. "का?" तिनं विचारलं. अक्षरावरून मालकाच्या माणसानं ओळखू नये म्हणून? कुठला मालक? त्या निळ्या शाईतल्या अक्षरावरून तिला ओळखावं, एवढंच त्या लोकांचं म्हणणं होतं.

वडील आतून बाहेर आले. त्यांना सगळं सांगितलं. ते खरोखर गोंधळले. "लिहिणारा एक आन् सही करणारा एक, त्यात चोरी कुटली? आयुष्यभर मी काय केलं मग?" त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा मला म्हातारपण दिसलं. मी त्यांना काही समजावू शकले नाही, कारण त्यांनी लिहिलेल्या अर्जांनी माणसांची कामं झाली होती. माझ्या लिहिण्यानं एका माणसाचं काम बिघडलं होतं. रीत तीच. पण त्यांच्याकडे येणाऱ्या बाईला कागद हवा होता. या मुलीला स्वतःचं लिहिणं दाखवायचं होतं. एवढा साधा फरक मला कळला नाही, आणि मी तो ज्यांना शिकवायला बसले होते त्यांच्यातल्या कुणालाही विचारला नाही.

आम्ही कागद पुन्हा उभा करायचा प्रयत्न केला. ती खाली बसून लिहायला लागली. पण मधल्या आठवड्यांत तिला नियम आले होते. 'माय मदर रोल्स बिडीज.' 'शी डझ नॉट लुक अॅट हर हँड्स.' सगळं बरोबर. प्रत्येक 'एस' जागेवर. पुढं तिला सुचेना. निम्म्या भुकेचं वाक्य तिला आठवलं, पण ते इंग्रजीत कसं बसवलं होतं ते आठवेना. मी आठवून सांगितलं तर ती म्हणाली, "तुमी सांगू नका."

तेव्हा मी ते बोलले, जे मी कधी बोलेन असं मला वाटलं नव्हतं. म्हटलं, "ऐक. तीच वही आहे, तेच पेन आहे. चुका मुद्दाम ठेव. मी लाल खुणा करते. फोटो काढून पाठवू. त्यांना काय कळणार कुठल्या दिवशी लिहिलंय?"

तिनं पेन खाली ठेवलं.

"अक्का, पहिलं केलं ते खोटं न्हवतं. मला तरी न्हवतं वाटलं. हे खोटं हाय."

महिन्याभराच्या क्लासची नोकरी खोटी म्हणून लाथाडणारी मी. मला कुठं बघावं कळेना. मग मी माझ्या ओळखीच्या वाटेनं पळाले: रागाच्या. दुपारभर बसून मी त्या विद्यापीठाविरुद्ध पत्रक लिहिलं. कष्टकऱ्यांच्या मुलींवर चोरीचा शिक्का, गरिबांकडे मसुदे मागणारी ही कसली परीक्षा, वगैरे. चांगलं लिहिलं होतं. तीन उद्गारचिन्हं. संध्याकाळी तिच्या घरी नेऊन वाचून दाखवलं. तिची आई सूप मांडीवर घेऊन ऐकत होती. तिला मराठी पत्रक नीट कळलं, आणि ती तेलुगूत मुलीला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?"

"म्हणतीये, ही पोरगी तुज्यासाठी भांडतीये का तुला घेऊन भांडतीये?" मुलीनं सपाट आवाजात सांगितलं. मग म्हणाली, "खाली माझी सही पायजे ना? मी न्हाई करणार."

"मग काय करणारेस?"

"लिवते मी काय लिवायचं ते."

तिनं फोन घेतला आणि दाराकडे तोंड करून बसली. अर्धा तास लागला तिला. शब्दकोश उघडायची, बंद करायची. दोनदा तिनं मान वर केली, मला वाटलं काहीतरी विचारेल, स्पेलिंग तरी. विचारलं नाही. पाठवून टाकलं आणि आईच्या शेजारी बसून पानं कापायला लागली. मला कुणी जा म्हटलं नाही. मीच उठले.

तिनं काय लिहिलं ते मला माहीत नाही. उत्तर आलं ते तिनं वर्गातल्या दुसऱ्या मुलीजवळ सांगितलं आणि तिनं मला: पत्राबद्दल आभार, प्रांजळपणाचं कौतुक, पण मसुद्याशिवाय या वर्षी विचार करता येत नाही.

रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. वर्ग मी चालू ठेवला आहे. कुणाच्या वहीला हात लावत नाही. फळ्यावर नियम लिहिते, चूक कुठल्या ओळीत आहे ते बोटानं दाखवते, आणि मुलं शोधत बसतात. वेळ लागतो. परवा एकजण कंटाळून म्हणाला, "अक्का, तुमीच करून टाका की." मी इतक्या जोरात ओरडले की खालचा सायकलवाला वर बघायला आला. हेही काही चांगलं शिकवणं नव्हे.

ती मला दिसली ती गेल्या महिन्यात, सकाळी, चिंचोळी एमआयडीसीकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर. तोंडाला ओढणी, हातात डबा. टॉवेलच्या एका कारखान्यात तपासणीला लागली होती. तिथं हवेत धागा असतो, तंबाखू नसते, एवढाच फरक. कॉलेज बाहेरून करते म्हणाली. आईनं काम अर्ध्यावर आणलंय.

"खोकला?"

"हाय की. सोबतीला."

मी माफी मागितली. थांब्यावर, लोकांसमोर, सरळ. ती ऐकत होती. मग दुसरीकडे बघत म्हणाली, "मालावर इंग्रजी पट्ट्या असतेत. धुवायचं कसं, वाळवायचं कसं. लई चुका असतेत त्यात. मला दिसतेत आता."

"सांगितलंस का कुणाला?"

"कोण इचारलंय?"

बस येताना दिसली. गर्दी पुढं सरकली. मी घाईघाईनं विचारलं, "पुढच्या वर्षी भरणारेस का परत फॉर्म?"

तिनं डबा काखेत धरला, दांडी पकडली, आणि पायरीवर चढून मागं वळली.

"भरला तर तुमाला सांगणार न्हाई, अक्का."